मांजर घरात ठेवा म्हणता, मग जाळी का उतरवायला लावता?

कोथरूड, पुणे

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

आपल्या चारही विंगच्या नोटीस बोर्डांवर सध्या मांजरांबाबतची नोटीस लागली आहे. समितीच्या बैठकीत झालेला ठराव तिच्यात दिला आहे. पाळीव मांजर जिन्यात, पार्किंगमध्ये किंवा पोडियमवर दिसलं तर मालकाला दर वेळी एक हजार रुपये दंड. आवारात राहणारी बाकीची मांजरं कंत्राटदाराकडून पकडून 'टेकडीच्या बाजूला', म्हणजे आपल्या जवळच्या वेताळ टेकडीवर, सोडायची. आणि इमारतीची दर्शनी बाजू एकसारखी दिसावी म्हणून बाल्कनीला कोणतीही जाळी लावायची नाही. लावलेली असेल तर पंधरा दिवसांत उतरवायची.

मी सचिवांना लेखी पत्र दिलं. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर विषय काढला, तर त्याच संध्याकाळी ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिननी लिहायचं असं ठरलं. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. पुण्यात अशा ठरावांखाली राहणारी कितीतरी घरं आहेत. त्यांनीही ते वाचावं.

पाळीव मांजर घरातच राहिलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. दाराबाहेर मोकळं सोडू नये, जिन्यातून हिंडू देऊ नये. म्हणजे मूळ मुद्द्यावर समितीचं आणि माझं एकमत आहे. पण मांजर घरात ठेवण्यासाठी जी एक गोष्ट लागते, तीच या ठरावाने काढून घेतली आहे. सातव्या मजल्यावरच्या माझ्या घरात दोन मांजरं आहेत. चिंगी पावसाळ्यात आपल्याच पार्किंगमध्ये एका स्कूटरच्या सीटखाली सापडली, आणि गोट्या परगावी गेलेल्या एका शेजाऱ्यांचा. दोघांचं निर्बीजीकरण झालं आहे, लसी वेळेवर होतात, महापालिकेत नोंदणी आहे. दोघंही दाराबाहेर जात नाहीत, कारण बाल्कनीला जाळी आहे. ती मी मागच्या समितीला विचारून लावली होती.

या विषयावर आपल्या सोसायटीतच दोन तट आहेत. मांजर हा कोंडून ठेवायचा प्राणी नव्हे, असं बरेच ज्येष्ठ सभासद म्हणतात. ते असं का म्हणतात ते मला कळतं, कारण मीही नारायण पेठेतल्या वाड्यात वाढले. वाड्यातलं मांजर कुणा एकाचं नसायचं. ते कौलांवरून शेजारच्या वाड्यात जायचं, माळ्यावर व्यायचं, पिल्लांना तोंडात धरून सात घरं फिरवायचं आणि दूध उतू जायच्या वेळेला बरोबर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी यायचं. मागच्या अंगणात माती होती, तिथे त्याचं सगळं उरकायचं. घरात मातीचा ट्रे ठेवायची कल्पनाही कुणाला नव्हती. मांजरांसाठी मातीचे दाणे पिशवीत भरून विकायला अमेरिकेत १९४७ मध्ये सुरुवात झाली, आणि आपल्याकडे ते दुकानांत दिसू लागले त्याला फार काळ लोटलेला नाही. तेव्हा मांजर बाहेर जायचं याचं एक कारण त्याचा स्वभाव, आणि दुसरं, दुसरी सोयच नव्हती.

तो वाडा दुमजली होता आणि गल्लीत सायकली होत्या. आपली इमारत अकरा मजल्यांची आहे, फाटकाबाहेर पौड रोडची रहदारी आहे आणि तळघरात दोनशे गाड्या उभ्या असतात. पावसाळ्यात उबेसाठी मांजरं गाडीच्या बॉनेटखाली इंजिनाशी जाऊन बसतात आणि सकाळी कुणीतरी किल्ली फिरवतं. दिवाळीत सुतळी बॉम्ब आणि गणपतीत ढोल सुरू झाले की घाबरलेलं मांजर दिसेल त्या दिशेला पळतं, आणि त्यातली काही परत येत नाहीत. बोक्यांच्या मारामारीत चाव्यातून एफआयव्ही हा मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू एका मांजरातून दुसऱ्यात जातो. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू तर आवारात जवळजवळ वर्षभर टिकू शकतो आणि लस न झालेली पिल्लं त्यात पटापट दगावतात. रेबीजचा धोका आहे तो वेगळाच. या सगळ्यासाठी मांजराला मोकळं सोडणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांना मी हात जोडून विनंती करते की दार लावून घ्या.

कोंडल्यावर ते उदास होईल, ही त्यांची काळजी खोटी नाही. चार भिंती आणि एक वाटी एवढंच दिलं तर मांजर लठ्ठ होतं, चिडचिडं होतं, सोफा फाडतं, नको तिथे लघवी करतं. मांजर मुळात शिकारी आहे, आणि त्याची अंगातली तरतरी पहाटे आणि तिन्हीसांजेला जागी होते. त्या वेळी त्याच्याशी दोरीला पीस बांधून दहा-पंधरा मिनिटं खेळलं, चढायला उंच फळी दिली, नखं घासायला काथ्या गुंडाळलेला खांब दिला, लपायला खोका दिला आणि बाहेर बघायला खिडकी दिली, की घरातलं मांजर उत्तम जगतं. पशुवैद्यकांच्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१३ मध्ये मांजराच्या घरातल्या गरजांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही सुरक्षित जागा, खेळ आणि शिकारीसारखी हालचाल, माणसाचा भरवशाचा सहवास यांवरच भर आहे. यातल्या खिडकीला आणि बाल्कनीला आपल्या हवेत फार महत्त्व आहे. एप्रिल-मेमध्ये पुण्यात दारं-खिडक्या बंद करून घर चालवता येत नाही.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार जाळीबद्दल आहे.

या उन्हाळ्यात सी विंगमधल्या एका घरातलं मांजर सहाव्या मजल्यावरून खाली पडलं. कठड्यावर कबूतर बसलं, मांजर झेपावलं. जबडा मोडला, टाळू फाटला, छातीत हवा भरली. त्या घराने जाळीसाठी समितीकडे अर्ज केला होता आणि तो नामंजूर झाला होता. ही गोष्ट समितीतल्या प्रत्येकाला माहीत आहे, तरीही त्यानंतर दोन महिन्यांत हा ठराव आला. मला यातलं सर्वांत न पचलेलं हेच आहे.

मांजर कुठूनही पडलं तरी चार पायांवर उतरतं, असं एका सदस्यांनी मला जिन्यात ऐकवलं. हवेत अंग वळवून पाय खाली आणण्याची हातोटी मांजराकडे असते हे खरं. पण पाय खाली आले म्हणून आपटण्याचा जोर कमी होत नाही. हनुवटी आणि छाती जमिनीवर आदळतातच. उंच इमारतींवरून मांजरं पडण्याचा प्रकार इतका नेहमीचा आहे की पशुवैद्यकात त्याला स्वतंत्र नाव आहे, 'हाय-राइज सिंड्रोम'. न्यूयॉर्कमधल्या एका प्राणी रुग्णालयात पाच महिन्यांत अशी १३२ मांजरं आली होती. त्यांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार झालेल्यांपैकी जवळजवळ नव्वद टक्के वाचली, हा आकडा लोक दिलासा म्हणून सांगतात. पण हा दवाखान्यात पोचलेल्यांचा हिशेब आहे. जागीच गेलेल्या मांजराला दवाखान्यात कोण नेतं? आणि वाचलेल्यांपैकी कितीतरींचे जबडे, पाय आणि फुप्फुसं दुखावलेली होती.

समितीचा आक्षेप दर्शनी बाजूचा आहे. तो मी हसण्यावारी नेत नाही. आपण सगळ्यांनी मिळून रंगासाठी मोठी वर्गणी भरली आहे, आणि हिरव्या-निळ्या जाळ्या जशा जमतील तशा लोंबत राहिल्या तर इमारत विद्रूप दिसते. पण त्यावर उपाय आहेत. जाळी कठड्याच्या बाहेरून न लावता आतल्या बाजूने लावायची. रंग सगळ्यांचा एकच, भिंतीत मिसळून जाणारा. आग लागली तर बाल्कनीतून सुटका करता यावी म्हणून एक भाग आतून उघडणारा ठेवायचा. कबुतरांसाठी लावतात ती बारीक नायलॉनची जाळी मांजर नखांनी आणि दातांनी फाडतं, तेव्हा ती चालणार नाही. जाड विणीची किंवा स्टीलची हवी. 'इनव्हिजिबल ग्रिल' म्हणून ज्या उभ्या तारा मिळतात, त्यांच्यातून पिल्लू सहज बाहेर येतं. खर्च ज्याचा त्याने करायचा. हे सगळं एका पानाच्या नमुन्यात बसतं. तो नमुना आणि दोन ठिकाणची दरपत्रकं मी पत्रासोबत दिली होती. डक्टच्या, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीच्या, बाजूला कबुतरांची जाळी समितीनेच सोसायटीच्या खर्चाने लावली आहे. माणसांना कबुतरांच्या विष्ठेचा त्रास होतो म्हणून जाळी चालते, तर जिवाचा धोका आहे तिथे का चालू नये?

दुसरी तक्रार टेकडीची.

आवारातली मांजरं पकडून वेताळ टेकडीवर नेऊन सोडायची, हे नोटिशीत इतक्या सहज लिहिलं आहे की लिहिणाऱ्याने क्षणभरही विचार केलेला दिसत नाही. पार्किंगमधलं मांजर पार्किंगमध्ये जगतं, कारण कोणत्या पायऱ्यांवर खाणं मिळतं, कोणता कुत्रा अंगावर येतो आणि कोणत्या पाइपामागे लपता येतं हे त्याला ठाऊक असतं. टेकडीवर त्याला यातलं काहीच ठाऊक नसेल. ते उपाशी मरेल, नाहीतर कुत्र्यांच्या तोंडी जाईल, नाहीतर परत येण्याच्या धडपडीत रस्त्यावर चिरडलं जाईल. पकडलेली मांजरी पिल्लं पाजणारी असेल, तर तिची पिल्लं आपल्याच जिन्याखाली ओरडून ओरडून मरतील, आणि ते आपली मुलं ऐकतील.

जे मांजर टेकडीवर तगेल, त्याची वेगळी गोष्ट आहे. या टेकडीवर सकाळी फिरायला जाणारे निम्मे लोक आपल्याच सोसायटीतले आहेत. तिथे मोर आहेत, तित्तर आणि लाव्हे आहेत, टिटवी आणि रातवा आहेत. हे सगळे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. रातव्याचं तर घरटंच नसतं, पाचोळ्यात उघड्यावर अंडी. उपाशी मांजराला याहून सोपी शिकार मिळणार नाही. मांजरं दर वर्षी किती पक्षी मारतात याचा अंदाज अमेरिकेत २०१३ मध्ये काढला गेला तो १.३ ते ४ अब्ज इतका होता, आणि त्यात मोठा वाटा मालक नसलेल्या मांजरांचा होता. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात, १ जुलै २०२२ नंतर जन्मलेलं प्रत्येक मांजर मालकाने आपल्या आवारातच ठेवायचं असा नियम आहे, तो याच काळजीपोटी. वेताळ टेकडी वाचवायला या शहराने मोर्चे काढले आहेत. आपल्या समितीतले दोघे त्या मोर्चात होते. त्याच टेकडीवर पिंजरे भरून मांजरं सोडायची हे त्यांनी मान्य कसं केलं, हे मला त्यांच्याकडून ऐकायचं आहे.

कायद्याचंही सांगते. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार, भुकेने-तहानेने हाल होतील अशा ठिकाणी प्राणी सोडून देणं हा गुन्हा आहे. विष घालून किंवा जायबंदी करून प्राणी मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे. ठरावावर सह्या करणाऱ्यांनी दोन्ही कलमं वाचावीत, एवढीच विनंती आहे. मी कुणाला धमकावत नाही. शिवाय यातून आवार रिकामं राहणारच नाही. कचऱ्याचे डबे उघडे आहेत, उंदीर आहेत, आडोसा आहे. गेलेल्या मांजरांच्या जागी शेजारच्या वस्तीतली नवी येतील, निर्बीजीकरण न झालेली. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते आणि साधारण नऊ आठवड्यांत विते. सहा महिन्यांत आपण पुन्हा इथेच असू, फक्त मांजरं जास्त असतील.

विषाचा उल्लेख केला तो उगाच नाही. पेस्ट कंट्रोलवाले डक्टमध्ये आणि जिन्याखाली उंदरांचं औषध ठेवतात आणि त्याची सूचना कुठेच लागत नाही. ब्रोमॅडिओलोनसारखी ही औषधं रक्त गोठू देत नाहीत. ते खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर मांजरही आतल्या रक्तस्रावाने जाऊ शकतं. पोडियमवर खेळणारी लहान मुलंही तिथे हात घालतात. कोणतं औषध, कुठे आणि कधी ठेवलं, हे आधी कळवणं एवढं तरी व्हायला हवं.

दंडाबद्दल थोडक्यात. मांजर कुणाचं हे ठरवणार कोण? सिक्युरिटी केबिनमधल्या दादांनी लांबून पाहिलेलं करडं मांजर माझं की आवारातलं, हे त्यांनी कशावरून सांगायचं? मागच्या महिन्यात ए विंगमधल्या एका आजींना पत्र गेलं, आणि त्यांच्याकडे मांजरच नाही. त्या फक्त जिन्याशी वाटीभर दूध-पोळी ठेवतात. सदस्यांचे खिसे हलके करणारा निर्णय समितीने आपल्या बैठकीत परस्पर घ्यावा, हे मला सभासद म्हणून मान्य नाही. असा विषय सर्वसाधारण सभेपुढे यायला हवा होता. आणि प्राणी पाळण्यावर सोसायटीला बहुमतानेही बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केलं आहे. जाळी काढायला लावून वर दंड आकारणं म्हणजे आडवळणाने बंदी घालणंच आहे.

ज्या सभासदांच्या तक्रारींवरून हे सगळं सुरू झालं, त्यांचंही मी ऐकलं आहे. गाड्यांवर पंजांचे ठसे उमटतात, रात्री बोके ओरडतात, आणि मुलांच्या वाळूच्या खड्ड्यात घाण होते. तिसरी तक्रार गंभीर आहे. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म परजीवी जंतू पसरू शकतो, आणि गरोदर बाईला तो लागला तर बाळाला धोका असतो. पण विष्ठा पडल्यावर तो जंतू संसर्ग करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. रोज साफ होणारा घरातला ट्रे आणि शिजवलेलं किंवा कोरडं तयार खाणं खाणारं घरातलं मांजर यातून धोका फार कमी. उघडा पडलेला वाळूचा खड्डा मात्र धोक्याचाच, त्याला रात्री ताडपत्री घाला असं मी दोनदा सुचवलं आहे. आपल्याकडे एका गरोदर मुलीला मांजर घरातून काढून टाकायला लावलं गेलं. तिला फक्त एवढंच सांगायला हवं होतं की ट्रे दुसऱ्या कुणीतरी साफ करू दे, आणि मटण नीट शिजवून खा. रात्रीचं ओरडणं माजावरच्या मांजरांचं आणि बोक्यांचं असतं. निर्बीजीकरणाने ते बऱ्याच अंशी थांबतं.

समितीच्या मनात भीती कशी शिरली तेही मला माहीत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये हडपसरमधल्या एका सोसायटीच्या एकाच सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरं सापडली, त्याचे व्हिडिओ आपल्या ग्रुपवर फिरले. तिथल्या शेजाऱ्यांचे हाल झाले आणि त्या मांजरांचेही झाले. पण अशा घटनेवरून शिकायचं ते हे, की संख्या वाढण्याआधी निर्बीजीकरण करा, नोंदणी करा आणि तक्रार वेळेत ऐका. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये पाळीव मांजरांची नोंदणी सुरू केली, ती त्यासाठीच. दोन मांजरं जाळीच्या आत सांभाळणाऱ्या घराला त्याच मापाने मोजणं हा अन्याय आहे.

आता माझ्या मागण्या.

हा ठराव तातडीने स्थगित करावा, विशेषतः मांजरं पकडण्याचं काम आजपासून थांबवावं, आणि कंत्राटदाराला तसं लेखी कळवावं.

बाल्कनीच्या जाळीचा एक नमुना ठरवून तो सगळ्यांना खुला करावा. त्या नमुन्यात बसणारी जाळी लावायला वेगळी परवानगी लागू नये. आधीपासून लावलेल्या जाळ्या बदलून घ्यायला तीन महिने द्यावेत, तोवर उतरवायला लावू नयेत.

आवारातल्या मांजरांची मोजणी करून त्यांचं निर्बीजीकरण आणि रेबीजचं लसीकरण करावं, शस्त्रक्रिया झाल्याची ओळख म्हणून कानाला खूण करावी आणि ती होती तिथेच परत सोडावीत. महापालिकेशी पत्रव्यवहार मी करीन. पकडायला, नेण्या-आणण्याला आणि शस्त्रक्रियेनंतर चार दिवस सांभाळायला आम्ही सात घरं तयार आहोत. खाणं ठेवायला मागच्या फाटकाजवळची एकच जागा ठरवून द्यावी, म्हणजे जिन्यात वाट्या राहणार नाहीत. वाळूच्या खड्ड्याला झाकण करावं.

पेस्ट कंट्रोलच्या आधी औषधाच्या नावासह निदान दोन दिवस नोटीस लावावी.

पाळीव मांजराच्या मालकाने निर्बीजीकरण, लस आणि नोंदणी यांची कागदपत्रं सोसायटीत द्यावीत, असा नियम करावा. माझी मी आजच देते. मांजर पट्टा आणि दोरी लावून पोडियमवर आणलं तर तो नियमभंग मानू नये. जे सभासद जाळी लावायची मुभा असूनही मांजर मोकळं सोडतील, त्यांना समज द्यावी, आणि पुन्हा तसंच झालं तर काय करायचं ते सर्वसाधारण सभेने ठरवावं. याला माझा पाठिंबा राहील, उद्या माझ्यावर ती वेळ आली तरी.

या सगळ्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी. समितीने आपणहून बोलावली तर उत्तमच. नाहीतर एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की महिन्याभरात ती घ्यावी लागते, अशी सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७६ मध्ये तरतूद आहे. त्या अर्जावर सह्या घेणं सुरू झालं आहे. अर्ज बी विंगमध्ये माझ्या घरी आहे, ज्यांना सही करायची असेल त्यांनी संध्याकाळी सातनंतर यावं. मांजर न पाळणाऱ्या सभासदांच्याही सह्या त्यावर आहेत.

सभा होईपर्यंत मी माझ्या बाल्कनीची जाळी उतरवणार नाही. हे पत्र म्हणजे त्याची लेखी सूचना समजावी.

कळावे,

आपली,
एक सभासद, बी विंग